जुन्या लष्करी गाडीचे तेल

बेळगावच्या परिसरात सैन्यातून निवृत्त झालेला एकही गृहस्थ नाही असे खेडे विरळा. असा गृहस्थ गावी परततो तेव्हा त्याच्याबरोबर त्याच्या सेवेची कागदपत्रे येतात. तो कोठे होता, कोणते काम करीत होता, कोणती दुखापत झाली होती, हे सारे त्यांत नमूद असते. सैन्यातून निवृत्त झालेली गाडी मात्र मुकी येते. ती लडाखच्या थंडीत राबली की राजस्थानच्या वाळूत, नदीच्या पात्रांतून गेली की वर्षानुवर्षे उघड्या मैदानात उभी होती, याचा पत्ता बहुधा लागत नाही. लिलावात तिची किंमत ठरते ती लोखंडाच्या वजनावरून आणि टायरांच्या अवस्थेवरून. तिच्या पोटात कोणते तेल आहे आणि कोणते असावयास हवे, हे विचारणारा आम्हांस क्वचितच भेटला. तथापि आमचा अनुभव असा की, अशा गाडीचे पुढील आयुष्य बव्हंशी त्या न विचारलेल्या प्रश्नावरच अवलंबून असते.

हा विषय देवस्थानांच्या वाचकांपुढे का मांडावा, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण असे की, डोंगरमाथ्यावरील देवळांच्या व्यवस्थापकांना अशा गाड्यांचा मोह पडतो, आणि तो मोह अनाठायी नव्हे. गाडी दणकट असते, चारही चाकांना ओढ असते, पावसाळ्यात निसरड्या कच्च्या वाटेनेही ती पाण्याची टाकी व महाप्रसादाचे धान्य वर पोचविते, आणि नव्या गाडीच्या मानाने किंमत पुष्कळ कमी पडते. परंतु ती विकत घेतली जाते देवाच्या पैशाने. भाविकांनी दानपेटीत टाकलेल्या पैशाचा तो व्यवहार असल्यामुळे त्यातील अज्ञानही खाजगी राहत नाही.

आमच्या घरात हा व्यवसाय तीन पिढ्यांचा आहे. १९४५ साली दुसरे महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकन, ब्रिटिश आणि कॅनडात बांधलेल्या लष्करी गाड्या या देशात मोठ्या संख्येने मागे राहिल्या व सरकारने त्या विकावयास काढल्या. ‘डिस्पोजलची गाडी’ हा शब्द आमच्या घरात तेव्हापासूनचा. अशा गाड्यांवर लाकडी सांगाडा चढवून कित्येकांनी उतारूंची वाहतूक सुरू केली, आणि आमच्या आजोबांचा हात त्यांच्याच दुरुस्तीवर बसला. पुढे १९५९ पासून जबलपूर येथे जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने शक्तिमान ट्रक तयार होऊ लागला. १९६१ च्या डिसेंबरात गोवामुक्तीसाठी सैन्य बेळगावात जमले तेव्हा आमच्या वडिलांनी लष्करी गाड्यांच्या रांगा रस्त्याच्या कडेस उभे राहून पाहिल्या होत्या. शक्तिमानच्या मागून निस्सान, टाटा, स्टॅलियन अशा गाड्या आल्या, आपापली सेवा करून निवृत्त झाल्या, आणि त्यांतील काही लिलावातून फिरत फिरत आमच्या दारी आल्या. त्यांच्या सहवासात जे समजले ते येथे सांगत आहो.

काही वर्षांपूर्वी अशीच एक गाडी एका देवस्थानाने घेतली. देवस्थानाचे वा गाडीच्या कंपनीचे नाव सांगण्याचे येथे कारण नाही. एका वृद्ध, सज्जन भाविकाने गाडीच्या तेलाचा सारा खर्च आपण देऊ असे सांगितले आणि दुकानातील सर्वांत महाग गिअर तेलाचे डबे आणवून दिले. रस्त्यालगतच्या एका गॅरेजात ते तेल गिअरबॉक्समध्येही भरले गेले आणि मागच्या-पुढच्या हाऊसिंगमध्येही. वर्षभर गाडी चालली. पुढे थंड इंजिनावर गिअर टाकताना करकर आवाज येऊ लागला. ड्रायव्हरने त्याची सवय करून घेतली. जत्रा आटोपून मोठी पातेली, मांडवाचे सामान आणि आठ-दहा स्वयंसेवक घेऊन गाडी घाट उतरत असता एका वळणाआधी त्याने तिसरा गिअर काढला. दुसरा काही केल्या पडेना, आणि तिसरा पुन्हा बसेना. उतारावर गाडी मोकळी सुटली. इंजिनाची अटक गेली, सारा भार ब्रेकवर आला, आणि ब्रेक तापू लागले. ड्रायव्हर जुना व सावध होता. त्याने गाडी दरीच्या बाजूने न जाऊ देता डोंगराकडच्या चरात घातली. कोणास इजा झाली नाही. पातेली मात्र रस्त्यावर विखुरली.

गाडी आमच्याकडे आली. गिअरबॉक्सचा ड्रेन नट काढला तेव्हा तेलातून सोन्याच्या भुकटीसारखी चमक खाली उतरली. ते सोने नव्हते, पितळ होते. पेटी उघडल्यावर दुसऱ्या व तिसऱ्या गिअरच्या सिंक्रो रिंगा काळवंडलेल्या आणि आतील बारीक आटे झिजून गुळगुळीत झालेले दिसले.

येथे थोडे खोलात जाणे अवश्य आहे. गिअर बदलताना वेगवेगळ्या गतीने फिरणारी दोन चक्रे एकमेकांत अडकावी लागतात. त्यापूर्वी त्यांची गती समान करणे हे सिंक्रो रिंगेचे काम. ती बहुधा पितळेची वा तत्सम मिश्रधातूची असते. ती क्षणभर चक्राच्या शंकूवर घासते आणि त्या घासण्यानेच दोन्ही गती एक होतात. म्हणजे सारे तेल जेथे घर्षण कमी करण्यासाठी घातलेले असते, तेथे या एका कडीला मात्र थोडे घर्षणच हवे असते. तेल फार निसरडे झाले तर ती चक्राला धरू शकत नाही, घसरत राहते, आणि गिअर करकरतो.

हाऊसिंगमधील गोष्ट याच्या उलट आहे. तेथील हायपॉइड जातीच्या क्राऊन-पिनियनचे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत. प्रचंड दाबाखाली घसरतातही. साध्या तेलाचा थर तेथे टिकत नाही, फाटतो. म्हणून अशा तेलात गंधक व फॉस्फरस यांची संयुगे घालतात. दाताच्या टोकाशी उष्णता वाढली की ती पोलादाशी संयोग पावून पातळ संरक्षक थर निर्माण करतात. अमेरिकन पेट्रोलियम संस्थेच्या वर्गवारीत जीएल-५ हे अशा कामाचे तेल. त्यात ही द्रव्ये जीएल-४ च्या सुमारे दुप्पट असतात. पोलादाचे रक्षण करणारा तोच सक्रिय गंधक तेल तापले की तांब्याच्या मिश्रधातूंना खाऊ लागतो. गंधकाच्या संपर्काने देवघरातील चांदीची उपकरणी कशी काळी पडतात, हे आपल्या वाचकांनी पाहिलेलेच आहे.

न्यायाने बोलावयाचे तर सारा दोष त्या तेलाच्या माथी मारता येणार नाही. रिंगा जुन्या होत्या, लष्करात त्यांनी किती सेवा केली होती हे कोणास ठाऊक नव्हते, आणि करकर ऐकू येऊ लागल्यावरही गाडी तशीच चालविली गेली. शिवाय अलीकडील कित्येक जीएल-५ तेलांत गंधक अशा रूपाने असतो की तो पितळेला पूर्वीइतका बाधत नाही. तांब्याची पट्टी तापत्या तेलात बुडवून त्याची परीक्षाही घेतात. तरी निसरडेपणाचा प्रश्न उरतोच. म्हणून आमचा नियम असा की, गाडीच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले नसेल तर सिंक्रो रिंगा असलेल्या गिअरबॉक्समध्ये जीएल-५ भरू नये, जीएल-४ भरावे. ज्या जुन्या जड गाड्यांच्या पेटीत सिंक्रोच नाही, जेथे ड्रायव्हर दोनदा क्लच दाबून गिअर टाकतो, तेथे प्रश्न वेगळा. तशा पेट्यांसाठी एमटी-१ नावाचा स्वतंत्र वर्ग आहे. तात्पर्य, पेटीत काय आहे ते आधी पाहावे. डबा नंतर निवडावा.

दुसरा गोंधळ आकड्यांचा. इंजिनात ‘चाळीस नंबर’ आणि गिअरबॉक्समध्ये ‘नव्वद नंबर’ असे मिस्त्री लोक म्हणतात. त्यावरून नव्वद नंबरचे तेल चाळीस नंबरच्या दुपटीहून दाट, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खोटी आहे. इंजिन तेलाची मापनश्रेणी एक आणि गिअर तेलाची दुसरी. एका गावचा शेर दुसऱ्या गावच्या शेराशी ताडून पाहण्यासारखे ते आहे. १०० अंश सेल्सिअसला मोजले तर ९० नंबरचे गिअर तेल साधारणतः ४० ते ५० नंबरच्या इंजिन तेलाइतकेच दाट भरते. हे लक्षात घेतले म्हणजे काही जुन्या गाड्यांच्या पुस्तिकांत गिअरबॉक्ससाठीही इंजिनचेच तेल का सांगितलेले असते, याचा उलगडा होतो, आणि पुस्तिका छापणाऱ्याची ती चूक असावी असे मानून मनाने बदल करण्याचे धाडस कोणी करीत नाही.

तिसरा भ्रम ‘मिलिटरी’ या शब्दाचा. डब्यावर लष्करी प्रमाणाचा उल्लेख दिसला की ते तेल सर्वश्रेष्ठ, असे गिऱ्हाईक समजते. लष्कराची दृष्टी निराळी असते. रणभूमीवर पाच प्रकारची पिंपे वाहून नेणे आणि रात्रीच्या अंधारात त्यांतून नेमके ओळखणे शक्य नसते. म्हणून अमेरिकन सैन्याने २१०४ या क्रमांकाचे इंजिन तेलाचे प्रमाण असे बसविले की तेच तेल इंजिनातही चालावे आणि जड गाड्यांच्या स्वयंचलित ट्रान्समिशनमध्येही. ही सोय मोठी शहाणपणाची आहे. परंतु तिचा हेतू पुरवठा सुलभ व्हावा हा आहे. लष्करी प्रमाण म्हणजे भरवशाचा मध्यममार्ग. प्रत्येक भागासाठी उत्तमोत्तम, असा त्याचा अर्थ नव्हे.

त्याच सैन्याच्या दोन गाड्यांचे उदाहरण पाहावे. एम-३५ ही अडीच टनी ट्रकची मालिका १९५० च्या सुमारास सुरू झाली. तिच्यातील ए-२ या आवृत्तीचे इंजिन डिझेल, रॉकेल, विमानाचे इंधन आणि वेळप्रसंगी पेट्रोलही पचविते. गिअरबॉक्स हाताने बदलावयाचा, पाच गतींचा, सिंक्रो असलेला. एम-९३९ ही पाच टनी मालिका तिच्या नंतरची. तिला ॲलिसन कंपनीचे पाच गतींचे स्वयंचलित ट्रान्समिशन आहे. दोन्ही गाड्या तेथील हौशी लोक लिलावात घेतात आणि एकाच अंगणात उभ्या करतात. रंग एक, बांधणीचा तोंडवळा एक. परंतु पहिलीच्या पेटीत जीएल-५ घालावे की नाही यावर तेथेही वाद होतात. दुसरीत तर गिअर तेलाचा थेंबही चालत नाही. तिच्यातील तेलाला दात वंगवावयाचे असतात, तसेच दाब पोचवावयाचा असतो आणि तेलात बुडालेल्या क्लचच्या चकत्यांना घट्ट धरूही द्यावयाचे असते. तिला जुन्या ॲलिसन सी-४ वर्गाचे तेल लागते, आणि २१०४ प्रमाणाचे इंजिन तेल त्या कामी येते. ‘ट्रान्समिशन ऑईल द्या’ एवढेच दुकानदारास सांगून भागत नाही, ते यामुळे.

आता इंजिनाविषयी. १५डब्ल्यू-४० या खुणेतील ‘डब्ल्यू’ म्हणजे हिवाळा. तेल थंड असता ते १५ नंबरच्या हिवाळी तेलासारखे वाहते आणि तापल्यावर ४० नंबरसारखा दाटपणा राखते, असा त्याचा अर्थ. १५डब्ल्यू तेलाची थंडीतील परीक्षा शून्याखाली २० अंशांवर होते. बेळगाव, गोवा, इंदूर, बडोदे, हैदराबाद येथे तशी थंडी कधी पडत नाही. त्यामुळे जुन्या डिझेल इंजिनाला याहून पातळ तेल शोधण्याचे आपल्याकडे प्रयोजन नाही. मोटारीच्या पेट्रोल इंजिनाचे पातळ तेल तर येथे नकोच. जुन्या इंजिनातील सांधे सैल झालेले असतात. त्यांना तापल्यावरही टिकणारा थर हवा असतो.

डिझेलच्या तेलाची वर्गवारी ‘सी’ या अक्षराने होते. सीआय-४ हा वर्ग २००२ चा, सीजे-४ हा २००६ चा आणि सीके-४ हा २०१६ चा. नवे वर्ग मुख्यतः धूर गाळणाऱ्या यंत्रणेच्या गाड्यांसाठी बेतलेले आहेत. त्यांत राख व फॉस्फरस यांवर मर्यादा आहेत. आपल्या जुन्या लष्करी ट्रकला तशी गाळणी नसते. तिला चांगले सीआय-४ तेल पुरेसे आहे, आणि सीके-४ घातले तरी बाध नाही. परंतु २०१६ सालीच निघालेला एफए-४ हा वर्ग विशिष्ट नव्या इंजिनांसाठी मुद्दाम पातळ केलेला आहे. तो जुन्या गाडीत घालू नये. नवीनतम तेच सर्वोत्तम, या समजुतीला यंत्रशास्त्रात आधार नाही.

गाडी घेतल्यावर पहिले काम कोणते, असे लोक विचारतात. रंग देणे हे पहिले काम नव्हे. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही हाऊसिंग यांतील सारे तेल गाडी थोडी चालवून, गरम असताना काढावे व स्वच्छ पांढऱ्या थाळीत पाहावे. दुधासारखे दिसले तर आत पाणी गेले आहे; ही गाडी नदीनाल्यांतून गेलेली असते किंवा वर्षानुवर्षे पावसात उभी असते. पिवळी चमक दिसली तर पितळ झिजत आहे. करडी चमक असेल तर पोलाद. इंजिनच्या तेलाला डिझेलचा वास येऊन ते पातळ झाले असेल तर तेल बदलण्याआधी पंप व नोझल तपासावेत. हाऊसिंगच्या माथ्यावरील ब्रेदर पाहावा. एवढासा तो तुकडा मातीने बुजला की आतील गरम हवेला वाट राहत नाही, आणि ती ऑईल सीलमधून तेल बाहेर ढकलते. मालक सील बदलीत राहतो आणि गळती चालूच राहते. नंतर योग्य तेल भरून गाडी काही शे किलोमीटर चालवावी व इंजिनचे तेल फिल्टरसह पुन्हा बदलावे. आताच्या तेलांत मळ सोडविणारी द्रव्ये असतात. जुन्या इंजिनात साचलेला गाळ ती सोडवितात, आणि पहिले तेल लवकर काळे होते. ते काळे होणे हा दोष नव्हे, ते आपले काम करीत असल्याची ती खूण होय. परंतु तो मळ इंजिनात फिरत ठेवू नये.

त्या देवस्थानाच्या गाडीचे पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे. नव्या रिंगा बसविल्यावर तेलाचा प्रश्न विश्वस्तांच्या बैठकीपुढे आला. आम्ही गिअरबॉक्ससाठी जीएल-४ सुचविले. त्याची किंमत दात्याच्या तेलाहून बरीच कमी होती. ते वृद्ध गृहस्थ दुखावले. “देवाच्या गाडीला हलके तेल घालायचे म्हणता? पैशाची काटकसर देवाच्या कामी नको,” असे ते म्हणाले. त्यांच्या शब्दांत अहंकार नव्हता, निष्ठा होती. त्यामुळे आम्हांस उत्तर देणे अवघड झाले. उत्तर दिले ते देवळाच्या पुजाऱ्यांनी. ते म्हणाले, “अण्णा, गणपतीला आपण रोजच्या पूजेत तुळस वाहत नाही, आणि शंकराला केवडा वाहत नाही. म्हणून तुळस हलकी झाली, की केवडा हलका झाला? ज्याला जे चालते ते त्याला वाहायचे.”

यावर बैठकीत कोणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने अण्णांनीच विचारले की, मग आणलेल्या तेलाचे काय करायचे? ते वाया जाणार नव्हते. उरलेले डबे आम्ही दोन्ही हाऊसिंगसाठी राखून ठेवले. क्राऊन-पिनियनला हवे होते ते नेमके तेच तेल. त्यांचे दान पूर्णपणे कामी आले. फक्त त्याची जागा बदलली. आमच्या मते या प्रसंगात शिकण्यासारखे आहे ते हे. ते तेल वाईट नव्हते, देणाऱ्याची भावनाही वाईट नव्हती. ते कोठे जावयाचे याचा विचार मात्र भावनेने केला होता, आणि तो करावयाचा होता माहितीने.

त्यानंतर आमच्या सूचनेवरून एक लहानसे काम झाले. पितळी पत्र्यावर चार ओळी कोरून तो पत्रा ड्रायव्हरच्या दाराच्या आतील बाजूस रिव्हेटने बसविला: इंजिन १५डब्ल्यू-४०, सीआय-४, गिअरबॉक्स व ट्रान्सफर केस जीएल-४, नव्वद नंबर, पुढील व मागील हाऊसिंग जीएल-५, प्रत्येक जत्रेपूर्वी पातळी व ब्रेदर पाहणे. ट्रान्सफर केससाठी जीएल-४ लिहिले ते त्या गाडीच्या पुस्तिकेत तसे सांगितले होते म्हणून. दुसऱ्या गाडीला ते जसेच्या तसे लावू नये. देवस्थानच्या वहीतही हाच मजकूर तारीख घालून लिहून ठेवला. विश्वस्त बदलतात, ड्रायव्हर बदलतात, मिस्त्रीही कायमचा नसतो. अशा गाड्या मात्र नीट सांभाळल्या तर आणखी वीस-पंचवीस वर्षे चालतात. लष्करातून ती गाडी आपली हकीकत न सांगता आली होती. येथून पुढे ज्यांच्या हाती ती जाईल त्यांना निदान तेलापुरती तरी विचारणा करीत बसावी लागू नये, एवढीच आमची इच्छा होती. ज्या देवस्थानांनी अशी गाडी घेतली आहे त्यांनी पुढील जत्रेची वाट न पाहता तिची पुस्तिका मिळवावी, चारही पेट्या एकदा उघडून पाहाव्यात, आणि तसा एक पत्रा दाराला बसवून घ्यावा. त्याचा खर्च एका डब्याच्या तेलाहून कमी येतो.